ताईची पाठ फॅक्सने जाते

फोटो या विषयात मला कोणी काही शिकवू नये! हे मी गर्वाने सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. लोक फोनने फोटो काढतात, मी कॅमेऱ्याने काढतो. लोकांचे कॅमेरे फोटो दाबून, पिळून, लहान करून ठेवतात. माझा कॅमेरा जे दिसलं ते सगळं जसंच्या तसं ठेवतो. त्याला 'रॉ' फाइल म्हणतात. एकेक फाइल एवढी जड, की ती उघडताना आमचा म्हातारा कॉम्प्युटर अक्षरशः कण्हतो. बायकोला मी एकदा समजावलं, "ही कच्ची फाइल असते. नंतर सवडीने हवी तशी तयार करायची." ती म्हणाली, "कच्चं काही घरात सवडीवर ठेवलं, की ते खराबच होतं." अशा माणसांत मी राहतो.

तर, ताईच्या पाठीवर एक तीळ होता.

ताई माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनेच वाढवलं, आणि वाढवताना काय चुकलं हे ती मला रोज एकदा तरी सांगते. भावोजी गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. तिच्या उजव्या खांद्याखाली लहानपणापासून तीळ. त्याच्याकडे कोणी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मध्यंतरी तो वाढायला लागला. कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग बदलला, आणि एक दिवस चादरीवर रक्ताचा ठिपका दिसला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी भिंग लावून तो पाहिला. हे डॉक्टर न्यूमोनियातसुद्धा विनोद सांगतात. त्या दिवशी त्यांनी एकही सांगितला नाही.

"मोठ्या डॉक्टरांना दाखवा," ते म्हणाले. "लवकर दाखवा. वाईट निघाला, तर हा तीळ पाठीवरच बसून राहत नाही."

मोठे डॉक्टर दिवसभराच्या प्रवासावर, दुसऱ्या गावात. त्यांची तारीख मिळायला चार-पाच महिने लागत. पण त्यांची एक पद्धत होती. आधी डागाचा फोटो फॅक्सने पाठवायचा. तो बघून त्यांना वाटलं तर लगेच बोलावणं येतं, नाही वाटलं तर रांग. आणि फॅक्सनेच! ईमेल ते उघडत नाहीत. सोबत चिठ्ठी लिहावी, तर त्यांचा कंपाउंडर फोनवर म्हणाला, "चिठ्ठ्या लिहू नका हो. 'तातडीचं' असं सगळेच लिहितात. साहेब फक्त चित्र बघतात." तारखेशिवाय थेट गेलात, तर फाटकावरूनच परत.

थोडक्यात, ताईचा जीव एका फोटोवर येऊन ठेपला होता. आणि घरात फोटोग्राफर कोण? मी!

"काळजी सोडा," मी जाहीर केलं. "फोटो बघून तो डॉक्टर खुर्चीतून उठला नाही, तर नाव बदलेन!"

"तो उठून पळून गेला तर?" ताई म्हणाली.

गॅलरीत स्टूल मांडलं. ताई पाठमोरी बसली, खांद्यापर्यंत शाल, शेजारच्या खिडक्यांवर डोळा ठेवायला माझी बायको. मी कॅमेऱ्याखाली तिकाटणं लावलं, भिंगं बदलली, उजेड मोजला.

"हलू नकोस."

"श्वास घेऊ का?"

"हळू घे."

"अरे, तुझ्या लग्नाच्या फोटोला एवढा वेळ लागला नव्हता! लवकर आटप, इथे मला थंडी वाजतेय."

"ताई, थोडा गडद काढतोय, म्हणजे कातडीवरचा बारीकसा तपशीलही उजेडात वाहून जाणार नाही."

"तीळ वाहून गेला तर बघ," ताई म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. तिचा आवाज थोडा कापत होता, तो थंडीमुळे असं मी धरून चाललो.

फोटो अप्रतिम आला! तिळाची प्रत्येक कड, प्रत्येक छटा, आजूबाजूची लव, सगळं होतं. इतकं स्पष्ट होतं, की मी तो मोठा करून पाहिला आणि लगेच लहान केला. मला तो तीळ आवडला नाही. एखाद्या अनोळखी माणसाने घरात येऊन बूट न काढता बसावं, तसा तो बसला होता.

आता फॅक्स. फॅक्स मशीन आजकाल कुठे असतं? आमच्या ऑफिसात असतं. आमचं पाणीपुरवठ्याचं कार्यालय. तिथे एकदा आलेली वस्तू बाहेर जात नाही. त्या मशीनवर आमच्या हेडक्लार्कांचा ताबा. कागद दिसला की ते त्याला टाचणी मारतात, म्हणून सगळे त्यांना टाचणीसाहेब म्हणतात. त्यांना मी परवानगी विचारली. कारण ऐकून ते गंभीर झाले.

"बहिणीचं काम आहे, खुशाल करा. फोटो छापून आणा आणि मशीनमधे घाला."

"छापून?" मी कळवळलो. "साहेब, छापल्यावर दर्जा जातो! तुमचं मशीन त्या कॉम्प्युटरला जोडलेलं आहे ना? मी थेट फाइल पाठवणार. अस्सल."

"बरं," टाचणीसाहेब म्हणाले. "अस्सल पाठवा."

तिथे पहिली माशी शिंकली. फॅक्सच्या प्रोग्रामने माझ्या रॉ फाइलला ओळखच दाखवली नाही. त्याला हवी होती फक्त दोन रंगांची फाइल. काळा आणि पांढरा! मधलं काही चालत नाही. करडा नाही, तपकिरी नाही, छटा नाही. माझ्या फोटोत लाखो छटा. एखाद्या गवयाला दारावरची बेल वाजवून दाखव म्हणावं, तशी माझी अवस्था झाली. पण मी हार मानणाऱ्यांतला नव्हे. आधी घरी रॉ फाइलची साधी फाइल केली, मग ती ऑफिसात आणून दोन रंगांची केली. कॉम्प्युटरने एकच सवाल केला: अमक्यापेक्षा गडद ते सगळं काळं करू का? मी म्हटलं कर. पडद्यावर टपालाच्या तिकिटाएवढं काहीतरी दिसलं. मी 'पाठवा' दाबलं. क्षणात गेलंसुद्धा!

दहा मिनिटांत ऑफिसचा फोन वाजला. मोठ्या डॉक्टरांचा कंपाउंडर.

"आत्ता पाठीचा फॅक्स तुम्हीच पाठवलात का?"

"हो! कसा आलाय?"

"काळा आलाय."

"तीळ काळाच आहे."

"तीळ नाही हो, कागद! अख्खा काळाकुट्ट! आमच्या मशीनची निम्मी शाई गेली. मला वाटलं, तुमच्याकडे कोणी गेलं, त्याचं कळवलंय."

माझ्या कानशिलाला चटका बसला. मी फोटो गडद काढला होता. अमक्यापेक्षा गडद ते सगळं काळं. म्हणजे पाठ काळी, तीळ काळा, शाल काळी!

"असो," कंपाउंडर म्हणाला. "साहेबांनी कागद बघितला. परवा सकाळी पेशंटला घेऊन या म्हणालेत."

वाचकहो, इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? "हो" म्हणून फोन ठेवला असता, आणि बसची तिकिटं काढायला धावला असता. पण माझ्यातला फोटोग्राफर दुखावला होता! त्या काळ्या कागदावर माझं नाव जाणार? तो माझा फोटो म्हणून साहेब बघणार?

"छे छे!" मी म्हणालो. "तो कागद चुकीचा आहे. तो बघून काही ठरवू नका. मी नीट फोटो पाठवतो, मग साहेबांना ठरवू द्या."

"मग परवाचं रद्द करू?"

"करा!"

हा एक शब्द मी अगदी ठसक्यात बोललो.

मी पुन्हा कामाला लागलो. छटा नाहीत तर छटांचा भास करायचा, यासाठी ठिपक्यांची एक पद्धत असते. जास्त काळं हवं तिथे दाट ठिपके, कमी हवं तिथे विरळ. वर्तमानपत्रातले चेहरे असतात तसे. मी ती वापरली. पडद्यावर पाठ झकास दिसली. पाठवायला लागलो, तर संपेचना! एकेक ठिपका जणू बैलगाडीत बसून चालला होता. टाचणीसाहेब दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. इतका वेळ ऑफिसचा फोन अडकलेला, कारण मशीन आणि फोनची लाइन एकच.

आता घोटाळा असा झाला: फॅक्स पोचल्यावर मी आमच्याकडून आणखी एकदा, थोडे बारीक ठिपके करून, तोच फोटो पाठवायला घेतला. कंपाउंडर ऑफिसला फोन लावतोय, तर लाइन सदा व्यस्त. शेवटी त्याने कागदावर लिहिलेल्या दुसऱ्या नंबरवर फोन केला. तो आमच्या घरचा. उचलला बायकोने.

संध्याकाळी मी शीळ घालत घरी आलो. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत वरच्या मजल्यावरच्या काकू रडत बसल्या होत्या, मांडीवर आमचा कुकर. बायकोचे डोळे सुजलेले. आणि मधोमध ताई, एकदम ताठ, शिलाई मशीनवर हात ठेवून.

"आलास?" ती म्हणाली. "बस. हे मशीन तुझ्या बायकोला. कुकर काकूंना दिला. त्यांचा फुटका आहे आणि त्या बोलत नाहीत. तुझ्या भावोजींचं घड्याळ तुला, पण ते तू उघडायचं नाहीस. तुला प्रत्येक वस्तू उघडून बिघडवायची खोड आहे."

"काय चाललंय?" मी ओरडलो.

"अहो, डॉक्टरांकडचा फोन आला होता," बायको हुंदका आवरत म्हणाली. "ते म्हणाले... पाठभर पसरलंय! मानेपासून कमरेपर्यंत, बोट ठेवायला जागा नाही. साहेबांना कागद दाखवतो म्हणाले, पण ते स्वतःच म्हणाले की, असं काही आयुष्यात पाहिलं नाही."

मी मटकन बसलो. खोटं कशाला सांगू, क्षणभर माझाही विश्वास बसला. ताई जाणार. ही ताठ बसलेली, मला ओरडणारी ताई आता जाणार, आणि मी शीळ घालत घरी आलो. मग डोक्यात उजेड पडला.

"ठिपके!" मी किंचाळलो. "ते ठिपके माझे आहेत!"

"तुझ्याही पाठीवर आहेत?" ताईने दचकून विचारलं.

समजावून सांगायला बराच वेळ लागला. काकूंनी डोळे पुसले आणि कुकर जरा घट्ट धरला. मग ताई उठली. मला वाटलं, आता कानाखाली वाजणार. ती सरळ मोरीत गेली, नळ पूर्ण सोडला, आणि नळाच्या आवाजाआड ती रडतेय हे आम्हा तिघांनाही कळलं. अख्खी दुपार ती रडली नव्हती. दुपारभर तिने सामान वाटलं होतं.

"उद्या नीट पाठवा," बायको हळूच म्हणाली. "नाहीतर मीच फोटो काढून पाठवते, फोनने."

याहून मोठा अपमान नव्हता! दुसऱ्या दिवशी कंपाउंडरला फोन करून ठिपक्यांचे कागद रद्द करायला लावले आणि मी जिद्दीने बसलो. उजेड वाढवला, पाठ पांढरी केली. आता हवं ते दिसत होतं, फक्त सगळीकडे बारीक बारीक कचरा उरला होता. सगळ्या कागदावर मिऱ्याची पूड उडावी तसा. पुन्हा कंपाउंडरला पुरळ वाटलं, तर घरात आणखी काय काय वाटलं जाईल? प्रोग्राममधे बारीक डाग पुसून टाकणारं एक बटण होतं. किती मोठे डाग पुसू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पूस सगळे! कागद असा लख्ख झाला, की बघत राहावं. खांद्याची सुंदर रेषा, पाठीचा कणा, शालीची किनार. पाठवला.

कंपाउंडरचा फोन लगेच आला, आणि या वेळी त्याचा आवाज चक्क गोड होता. "साहेबांनी पाहिला. पाठ एकदम स्वच्छ आहे म्हणाले. यायची काही गरज नाही. आणि फोटो छान आलाय हो!"

छान आलाय! मी घरी पेढ्यासारखा गोड चेहरा करून गेलो. बायकोने देवासमोर हात जोडले. ताईने पहिल्यांदा खोल श्वास घेतला, आणि दुसऱ्या श्वासाला म्हणाली, "वर जाऊन माझा कुकर घेऊन ये." मी गेलो. काकूंनी दार अर्धवट उघडलं. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"बरं झालं हो, जिवावरचं टळलं," काकू म्हणाल्या. "पण दिलेली वस्तू परत मागतात का?"

तो कुकर मी अर्धा शिजलेला, गरम, झाकणासकट जिन्यावरून खाली आणला. ताई त्या रात्री दोन घास जास्त जेवली. झोपताना गुणगुणतही होती.

सकाळी ऑफिसात टाचणीसाहेब फॅक्सच्या प्रती टाचून ठेवत होते. माझी प्रत हातात धरून ते थांबले.

"चित्र झकास आहे. पण यात डॉक्टरांना दाखवायचं काय होतं?"

"काय म्हणजे? तो बघा, उजव्या खांद्याखाली..."

मी बोट ठेवलं. बोटाखाली कोरा कागद होता. बाजूला बघितलं. वर बघितलं. कागद उजेडात धरला. सगळे डाग पूस, मी म्हटलं होतं. त्यातला एक डाग दाखवायलाच तर आम्ही हे सगळं करत होतो! डॉक्टरांनी तीळ नसलेली पाठ पाहिली होती, आणि "गरज नाही" हे त्या पाठीबद्दल सांगितलं होतं. आमच्या घरातल्या पाठीबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी ताई शिलाई मशीनवर बसून गुणगुणत होती. कितीतरी दिवसांनी ती मशीनवर बसली होती. नुसतं गप्प बसलो असतो, तर तिचं गुणगुणणं आणखी चार-पाच महिने टिकलं असतं. फार तर तेवढंच.

"ताई," मी म्हणालो, "मी तीळ पुसला."

मशीन थांबलं. "कुठला? पाठीवरचा की फोटोतला?"

"फोटोतला."

"मग तुझा उपयोग काय मेल्या!" ती म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. तिने विचारलं, "म्हणजे तो अजून आहे?"

"आहे."

"मला वाटलंच होतं. रात्री पाठ टेकवत नव्हती." तिने कात्री उचलून धागा तोडला. "आता?"

आता मी फोटोग्राफर नव्हतो. मी ऑफिसात परत गेलो, कॉम्प्युटरमधून पहिल्या दिवशीची फाइल काढली, ती काळीकुट्ट, आणि 'पाठवा' दाबलं. मग पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबताना टाचणीसाहेब मागे उभे होते.

"काळाच पाठवताय?"

"हो."

"पाठवा," ते म्हणाले. "शाई त्यांची जातेय."

फोन आला. "पुन्हा काळा?" कंपाउंडर वैतागला होता. "साहेब म्हणतात परवा सकाळी या. की हेही रद्द करायचं?"

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो, की टाचणीसाहेबांच्या हातातल्या टाचण्या खाली सांडल्या.

मोठे डॉक्टर प्रत्यक्षात ठेंगणे निघाले. ताईची पाठ बघताना ते कंपाउंडरला काहीतरी सांगत होते; अर्ध्या वाक्यावर थांबले, भिंग आणखी जवळ नेलं आणि म्हणाले, "आजच काढू." ताईने माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची, तसा. या वेळी रस्ता तिला ओलांडायचा होता.

ती आत असताना मला राहवेना. मी डॉक्टरांना फॅक्सची सगळी हकिगत सांगून टाकली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"फॅक्समधे तीळ नीट दिसत नाही, हे मला माहीत नाही का?" ते म्हणाले. "कागद पांढरा आला, की मला वाटतं काही नाही. काळा आला, की आत काय दडलंय ते कळत नाही, म्हणून बोलवावं लागतं. तुमचा पहिला कागद उत्तम होता. सगळ्यांत वाईट तो शेवटचा. फार सुंदर होता."

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. तीळ वाईटच होता. "पूर्ण निघालाय," डॉक्टर म्हणाले. "आणखी कुठे गेलाय का, ते दर तीन महिन्यांनी बघत राहायचं. रांगेतले चार-पाच महिने थांबला असतात, तर मी तुम्हाला हे सांगत नसतो, दुसरंच काही सांगत असतो." ते दुसरं काय, हे आम्ही विचारलं नाही.

घरी आल्यावर ताईने फर्मान सोडलं, "ज्या फोटोमुळे मी वाचले, तो बघू तरी." मी ऑफिसातून ती प्रत आणली, टाचणीसकट. तिने चष्मा लावला. कागद जवळ धरला, लांब धरला, फिरवून उलटा धरला.

"आयुष्यात काढलेला तुझा सगळ्यांत चांगला फोटो," ती म्हणाली. "पण मग कॅमेऱ्याची टोपी तरी कशाला काढलीस?"

बायको हसली, ताई हसली, हसताना टाके ओढले म्हणून कळवळली, आणि पुन्हा हसली. मीही हसलो. दर तीन महिन्यांनी आम्ही दोघं तिची पाठ दाखवायला जातो. ती खिडकीशी बसते, मी डबा आणि रिपोर्टांची पिशवी धरतो. कॅमेरा घरी ठेवायला लावते.